पस्तीस इंची टायर आणि ३.७३ चा रेशो: उंच केलेल्या एका पिकअपचं प्रकरण

"गाडी मेल्यासारखी चालते," एवढंच मित्र म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात देऊन बाजूला झाला.

दिसायला गाडी मेलेली अजिबात नव्हती. चार इंच उचललेली, ३५ इंची टायरवर उभी, पुढे लोखंडी बंपर आणि विंच, हौद्यात हत्यारांची पेटी. चालवायला घेतली तेव्हा कळलं. सपाट रस्त्यावर सहावा गिअर टाकला की इंजिन गुरगुरत राहायचं. जरा चढ लागला की पाचवा, मग चौथा. थांबलेली गाडी हलवताना क्लच इतका वेळ अर्धा दाबून ठेवावा लागायचा की जळका वास यायचा. आणि ऐंशीच्या पुढे सीटखालून बारीक, सतत अशी थरथर. ती त्याने सांगितलीच नव्हती. सवय झाली होती.

गाडीची कुंडली अशी: शिडीसारखी चासी, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, दोन्ही डाना ४४ जातीचे, म्हणजे साडेआठ इंची क्राउन (ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक) आणि चाकांपर्यंत जोर नेणारे, ३० दात्यांच्या स्प्लाइनचे हाफ शाफ्ट. पेट्रोल इंजिन, सुमारे ३२० न्यूटन-मीटर टॉर्क. सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स, पहिला ४.४६, पाचवा १.००, सहावा ०.८४. ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा, लो रेशो २.७२. क्राउन-पिनियन ३.७३, म्हणजे चाक एकदा फिरायला पिनियन, क्राउनला फिरवणारा छोटा गिअर, ३.७३ वेळा फिरतो. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब, चाक शाफ्टशी जोडायचे किंवा सोडायचे. कंपनीतून आलेले टायर होते २४५/७५ आर १६.

मित्राने यादी तयारच ठेवली होती: ४:१ ची ट्रान्सफर केस, दोन्हीकडे डाना ४४ पेक्षा मोठे डाना ६० ॲक्सल, इंजिनचं रीमॅपिंग, म्हणजे जोर वाढवायला त्याच्या संगणकातली सेटिंग बदलणं. सगळं एकदम जमणार नव्हतं, म्हणून आधी काय घ्यायचं एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. मी यादी घडी करून खिशात ठेवली आणि मोजपट्टी मागितली.

टायर हाही एक गिअरच

जुन्या टायरचा व्यास कागदावरून काढता येतो. २४५ चे ७५ टक्के म्हणजे १८४ मिलिमीटरची भिंत, ती वर-खाली दोनदा, अधिक १६ इंची रिम. बेरीज ७७४ मिलिमीटर, साडेतीस इंच. नवा टायर नावाला ३५ इंची. मोजला तर ८७६ मिलिमीटर भरला, म्हणजे साडेचौतीस. बहुतेक मोठे टायर नावापेक्षा थोडे कमीच भरतात, त्यामुळे हिशेब मोजलेल्या आकड्यावर करावा.

८७६ भागिले ७७४ म्हणजे १.१३. इंजिनापासून रस्त्यापर्यंतच्या साखळीत टायर हा शेवटचा गिअर असतो आणि तोच १३ टक्क्यांनी लांब झाला होता. ३.७३ चा रेशो आता ३.३० सारखा वागत होता. शंभरच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये पूर्वी इंजिन मिनिटाला सुमारे २,१५० फेऱ्यांवर असायचं, ते १,९०० वर आलं होतं. या इंजिनाला तिथे जोरच नाही. त्यात टायरचं जास्तीचं वजन आणि उंच झालेल्या गाडीला अडवणारा वारा. पन्नास अश्वशक्ती वाढवली असती तरी ते इंजिन चुकीच्याच फेऱ्यांवर घुटमळत राहिलं असतं.

जाता जाता एक गंमत. मित्राची तक्रार होती की टायर बदलल्यापासून मायलेज फार पडलं. पण मीटर जुन्या टायरच्या हिशेबाने चालत होता. काटा शंभर दाखवायचा तेव्हा गाडी ११३ ने पळत असायची आणि ११३ किलोमीटर तोडले की ओडोमीटर १०० मोजायचा. मायलेज घटलं होतं, पण त्याला वाटत होतं तेवढं नाही. मीटर दुरुस्त करणं यादीत सगळ्यात वर लिहिलं. वेगमर्यादेचा प्रश्न मायलेजपेक्षा मोठा आहे.

मूळ चाल परत आणायला ३.७३ गुणिले १.१३, म्हणजे ४.२२ चा रेशो हवा. बाजारात जवळचे आकडे ४.१०, ४.५६ आणि ४.८८. ४.१० अपुरा. बंपर, विंच, टायरचं वजन, वारा हे सगळं धरलं तर मूळपेक्षा थोडं पुढे जाणंच बरं. म्हणजे निवड ४.५६ की ४.८८ एवढीच उरली. ४.५६ ला शंभरच्या वेगात सहाव्या गिअरला २,३२० फेऱ्या, ४.८८ ला २,४८०.

माझा कौल आधी ४.८८ ला होता. मोठ्या टायरवर कमी रेशो घेऊन पस्तावलेले बरेच पाहिलेत, जास्त घेऊन पस्तावलेला क्वचितच. पण निर्णयाआधी त्याला एक फुकटची परीक्षा घ्यायला सांगितली. पंधरा दिवस सहावा गिअर विसरून जा, पाचव्यातच चालव. ४.५६ बसवल्यावर सहाव्यात एकूण रेशो ४.५६ गुणिले ०.८४ म्हणजे ३.८३ होणार. आत्ताच्या गाडीत पाचवा गिअर १.०० चा, म्हणजे एकूण ३.७३. फरक तीन टक्क्यांचाही नाही. पुढे काय मिळणार आहे ते एकही नट न उघडता आज चालवून कळतं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १.०० पेक्षा लहान रेशोचा गिअर, असलेल्या बहुतेक गाड्यांत असा एखादा गिअर सापडतो, आणि क्राउन-पिनियनची ऑर्डर देण्याआधी हे करून पाहणारे फार थोडे भेटतात याचं मला नेहमी नवल वाटतं.

पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "हेच हवंय. याहून जास्त आवाज नको." त्याचं दोन-तृतीयांश चालणं सरळ रस्त्यावरचं. मी ४.८८ चा हट्ट सोडला. सोडायला आणखी एक कारण होतं, दात्यांचं. ३.७३ मध्ये क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला ११. ४.५६ मध्ये ४१ ला ९. ४.८८ मध्ये ३९ ला ८. क्राउन हाउसिंगमध्ये मावेल एवढाच ठेवावा लागतो, म्हणून रेशो वाढवायचा तर पिनियन बारीक होत जातो. दाते कमी, एका वेळी एकमेकांना धरणारा भाग कमी. हाफ शाफ्ट तुटला तर तो रानात बदलता येतो, पण पिनियनचा दात तुटला तर गाडी ओढूनच आणावी लागते.

थरथर: गिअरच्या आधी हे

गिअर बदलायचं ठरलं, तरी मी ऑर्डर थांबवली. थरथरीचं मूळ आधी शोधायला हवं होतं.

वेग तोच ठेवून गिअर बदलला तरी थरथर तशीच राहायची, म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. राहिले टायर आणि ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट. यांच्यातला फरक अंगाला कळतो. नव्वदच्या वेगाला हा टायर सेकंदाला नऊ फेरे घेतो. त्याचा तोल बिघडला तर स्टिअरिंग हलतं, डुलल्यासारखं. प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी ३.७३ पट, म्हणजे सेकंदाला ३४ फेरे घेतो आणि त्याच्या टोकाच्या क्रॉसचा, म्हणजे अधिक चिन्हासारख्या सांध्याचा, कोन चुकला असेल तर प्रत्येक फेऱ्यात दोन झटके, म्हणजे ६८. ती थरथर बारीक असते, सीटला आणि पायाखाली जाणवते. इथे तीच होती.

क्रॉसच्या जॉइंटचा स्वभाव मुळातच तिरका. स्प्रिंगचा नियम सांगणाऱ्या रॉबर्ट हूकचं नाव या जॉइंटलाही आहे. कोनात फिरताना एका बाजूने समान गती दिली तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. दहा अंशांच्या कोनाला ही चढउतार दीड टक्का, वीस अंशांना सहा टक्के. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस, सारख्या कोनात: एकाने केलेली गडबड दुसरा निस्तरतो. त्यासाठी ट्रान्सफर केसचं तोंड आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत.

गाडी उचलताना कुणीतरी मागच्या पाट्यांखाली पाचर घालून पिनियनचं तोंड वर, थेट ट्रान्सफर केसकडे वळवलं होतं. हे चूक नाही, पण ते वरच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा, म्हणजे दोन क्रॉस पाठोपाठ असलेला, जॉइंट असेल तेव्हाच. मग दोन्ही कोनांची वजावट तो एकटा करतो आणि खालचा क्रॉस जवळजवळ सरळ राहतो. इथे शाफ्ट जुनाच, दोन्ही टोकांना एकेरी क्रॉसचा. वर मोठा कोन, खाली जवळजवळ शून्य. निस्तरायला कुणीच नाही.

आता ४.५६ बसवलं असतं तर? त्याच वेगाला शाफ्ट सव्वा बावीस टक्के जास्त फिरला असता, नव्वदला सेकंदाला ४१ फेरे. मोठ्या टायरने शाफ्ट मंद केला होता, म्हणूनच थरथर सोसवत होती. गिअर बदलल्यावर ती दुप्पट वाटली असती आणि दोष नव्या क्राउन-पिनियनच्या माथी गेला असता. असे वाद मी ऐकले आहेत. दोन-दोनदा उघडलेले डिफरन्शिअलही पाहिले आहेत.

मागे दुहेरी क्रॉसचा शाफ्ट बनवून घेतला. पाचर ठेवली, फक्त पिनियन शाफ्टच्या रेषेपेक्षा दीड अंश खाली ठेवला, कारण जोर लावला की पाटे पिळवटतात आणि पिनियन तेवढा वर येतो. सव्वा मीटरच्या मागच्या शाफ्टला चार इंच उचलल्याने जेमतेम पाच अंश वाढतात. पुढचा शाफ्ट सत्तर सेंटिमीटरचा, तिथे आठ अंश. पण पुढे पिनियन वर वळवला की चाकाचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल, जातो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटायला लागते. इथे मी कॅस्टरच्या बाजूने उभा राहिलो. हब सोडले की रस्त्यावर पुढचा शाफ्ट फिरतच नाही. फोर बाय फोरमध्ये हळू चालताना थोडी थरथर चालते. हब कायम जुळलेले असते तर हा निर्णय वेगळा झाला असता.

केजचा पेच, आणि लॉकर

आता मूळ काम. डाना ४४ मध्ये एक पेच आहे. क्राउन ज्यावर बोल्टने बसतो तो कॅरिअर, ज्याला गॅरेजात केज म्हणतात, तो सगळ्या रेशोंना चालत नाही. पिनियन बारीक झाला की क्राउन त्याच्या जवळ सरकवावा लागतो, म्हणून ३.७३ पर्यंत एक केज आणि ३.९२ पासून पुढे दुसरा. ३.७३ वरून ४.५६ ला जायचं म्हणजे दोन्ही ॲक्सलना नवा केज आलाच. दोन्ही, कारण पुढचा-मागचा रेशो एक नसेल तर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केस स्वतःशीच कुस्ती खेळते. शिवाय पुढच्या ॲक्सलचा पिनियन वरच्या अंगाला असेल तर त्याला उलट कापाचा सेट लागतो, तो मागच्याशी अदलाबदल होत नाही. ऑर्डरमध्ये ही चूक फार होते.

केज नवाच घ्यायचा तर साधा का घ्यायचा? लॉकर म्हणजे केजच, आतून वेगळा, दोन्ही चाकांना एकत्रच फिरायला लावणारा. जोडणीची मजुरी तीच: पिनियनची खोली, शिम (पातळ चकत्या), बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण), दात्यांवर रंग लावून ठसा पाहणं, ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरचा बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक). हे सगळं दोनदा करण्यात अर्थ नव्हता. दोन्हीकडे बटणाने लागणारे लॉकर घेतले. आपोआप लागणारा लॉकर स्वस्त आणि दणकट असतो, पण वळणावर त्याचे खटके आणि गाडीचं अचानक ओढणं हा माणूस रोज सहन करणार नाही हे मला माहीत होतं.

डाना ६० चं काय? त्याचा क्राउन पावणेदहा इंची, शाफ्ट ३५ स्प्लाइनचे, दीड इंच जाडीचे. डाना ४४ चा शाफ्ट १.३१ इंच. पिळाला टिकण्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते, म्हणून त्याच पोलादात दीडपट. मोह समजण्यासारखा आहे. पण मी त्याच्यासमोर आकडे मांडले. उभ्या चढावर मागच्या ॲक्सलवर १,६०० किलो भार आला, एक चाक हवेत गेलं, लॉकर लागलेला. जमिनीवरच्या चाकाला ०.८ घर्षण धरलं तर घसरण्याआधी शाफ्टवर जास्तीत जास्त ५,३०० न्यूटन-मीटर येतील. जुन्या टायरवर हाच आकडा ४,७०० होता. आणि इंजिन? पहिला गिअर, लो रेंज, ३.७३ धरून ते जुन्याच गाडीत चौदा हजारांच्या वर देऊ शकत होतं. म्हणजे चाक घसरतं तोवर शाफ्टवरचा भार टायर, वजन आणि लॉकर ठरवतात, रेशो नव्हे. "रेशो वाढवला की शाफ्ट तुटतात" ही समजूत निम्मीच खरी. उलट चाकावर तेवढाच जोर असताना प्रोपेलर शाफ्टवरचा पीळ १,४२० वरून १,१६० वर येतो, कारण उरलेलं काम ॲक्सल करतो. गिअरबॉक्सलाही तेवढाच आराम.

पण चाक दगडात अडकलं की घसरण्याची सोयच उरत नाही, आणि तिथे इंजिनाचा सगळा जोर साखळीतल्या सगळ्यात कच्च्या कडीवर येतो. ४:१ ची ट्रान्सफर केस मी याच कारणाने मागे ठेवली. तिच्याने पहिल्या गिअरला प्रोपेलर शाफ्टवरची कमाल ३,९०० वरून ५,७०० वर गेली असती. आणि त्याची मूळ तक्रार तर रस्त्यावरची होती. लो रेंज बदलून सहावा गिअर ओढायला लागत नाही. रांगण्यासाठी ४.४६ गुणिले २.७२ गुणिले ४.५६, म्हणजे ५५, त्याला पुरेसे होते.

डाना ६० नाही, ४:१ नाही. मग पुढच्या ॲक्सलला क्रोममोली पोलादाचे शाफ्ट? तेही नंतर बघू, असं मी म्हणालो.

माझी चूक

जोडणी ठीक झाली. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर हळू, मग पूर्ण थंड होऊ देणं, पुन्हा तसंच. आठशे किलोमीटरवर तेल बदललं. जुन्या तेलात बारीक चमचम होती, ती अपेक्षितच. गाडी सहाव्या गिअरमध्ये चढ चढायला लागली. थरथर गेली.

तीन महिन्यांनी फोन. खडकाळ ओढ्यात पुढचं उजवं चाक दोन दगडांत रुतलं, पुढचा लॉकर लागलेला, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, आणि त्याने रिव्हर्समध्ये झटका दिला. क्रॉसची टोपी निसटली, क्रॉस धरणारा शाफ्टचा कान ताणून उघडला आणि तुटलेला तुकडा नकलच्या, चाक ज्यावर वळतं त्या भागाच्या, आतल्या बाजूला घासत बसला.

त्याने चूक केली होती. पूर्ण वळवलेल्या चाकाचा क्रॉस मोठ्या कोनात असतो, कानांवर भार एकांगी येतो, आणि लॉकर दोन चाकांचा जोर एका शाफ्टवर टाकू शकतो. वळायचं असेल तर पुढचा लॉकर आधी सोड, हे मी त्याला सांगितलं होतं. पण क्रम माझा होता. पुढच्या ॲक्सलला लॉकर द्यायचा आणि शाफ्ट जुनेच ठेवायचे, हे मी दोन वेगळे खर्च समजून लिहिलं. तो एकच खर्च आहे. पैसे तेवढेच असते तर पुढे साधा केज आणि चांगले शाफ्ट ठेवायला हवे होते, किंवा दोन्ही मिळून थांबायला हवं होतं. सुटे भाग एकेका ओळीत लिहायची सवय इथे नडली.

तुकडा काढून, हब सोडून, मागच्या लॉकरवर तो बाहेर आला. नंतर पुढे ४३४० क्रोममोलीचे शाफ्ट घातले, क्रॉसच्या टोप्या पूर्ण वर्तुळाच्या क्लिपांनी पकडलेले. साध्या शाफ्टचा कान ताणला की टोपी सुटते आणि मग क्रॉस जातो; कान ताणला नाही तर तोच क्रॉस बराच जास्त सोसतो. तरीही साखळीतली कच्ची कडी क्रॉसच राहिली, आणि ते मी मुद्दाम तसंच राहू दिलं. एक जादा क्रॉस आणि जुन्यातला न तुटलेला शाफ्ट आता हौद्यातल्या पेटीत असतो. क्रॉसऐवजी आणखी भक्कम जॉइंट घातला तर पुढची पाळी क्राउन-पिनियनची, आणि ती पेटीत मावत नाही.

मागच्या शाफ्टना हात लावला नाही. तिथे वळणाचा कोन नाही. फक्त बेअरिंग आणि सील पाहून घेतले, कारण या ॲक्सलमध्ये चाकाचा भार शाफ्टच पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच जातं. ब्रेकचे पॅड आणि डिस्क बदलल्या. टायर मोठा झाला की त्याच ब्रेकला लांब दांडी अडवावी लागते.

परवा त्याने ३७ इंची टायरचा विषय काढला. मोजून साडेछत्तीस धरले तर जुन्या टायरच्या जवळजवळ १.२ पट, मूळ चालीसाठी ४.४७ लागतील, म्हणजे ४.५६ मध्ये कमावलेलं जवळजवळ सगळं जाईल. मग पुन्हा क्राउन-पिनियन, आणि या वेळी ॲक्सलही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, दुहेरी क्रॉसच्या मधल्या गोळीला ग्रीस भरायचं राहिलंय, ते आधी करतो.